लाल ठिपक्याच्या गावी

माणसं काश्मीरला जातात, केरळला जातात, अगदीच काही नाही तर महाबळेश्वरला जाऊन थंडीत आइस्क्रीम खाऊन येतात. मी घनसावंगीला गेले. आणि परत आल्यापासून जो भेटेल त्याला घनसावंगीचंच सांगत सुटलेय. शेवटी माझी बहीण म्हणाली, "एकदा लिहून काढ बाई, म्हणजे आमची सुटका होईल." तर ही तिची सुटका.

आता कुणी म्हणेल, पुण्याची धडधाकट बाई जालना जिल्ह्यात कशाला कडमडली? सांगते. मी ज्या संस्थेत काम करते ती लहान गावांतल्या दवाखान्यांना ऑपरेशनसाठी मदत करते. नुसती मदत करून गप्प बसत नाही, पुढे काय झालं तेही बघते. ऑपरेशन झालं, टाके निघाले, पेढे वाटले, की सगळ्यांना वाटतं संपलं. आमचं तिथून सुरू होतं. ऑपरेशनला महिना झाला की आमच्या मुली पेशंटला फोन करून विचारतात: जखम पिकली का, ताप आला का, पुन्हा दवाखान्यात जावं लागलं का? उत्तरांची बेरीज करायची, आणि दवाखान्याचा ठिपका नकाशावर रंगवायचा. हिरवा म्हणजे छान, पिवळा म्हणजे जरा बघा, लाल म्हणजे धावा. ही बेरीज माझ्याकडे. मला माणसांपेक्षा आकडे बरे वाटतात. आकडे चहाचा आग्रह करत नाहीत.

तर घनसावंगीचा ठिपका लाल. साधासुधा नाही, डोळ्यांत खुपेल असा लाल. ऑपरेशन झालेला जवळजवळ प्रत्येक माणूस महिन्याच्या आत परत दवाखान्यात! आमचे साहेब म्हणाले, "जाऊन बघून या. आकडा खरा असेल, तर तिथली ऑपरेशनं बंद करावी लागतील." मी म्हटलं, आकडा खराच असणार, मी काढलाय. आणि बॅग भरली.

घनसावंगी

जालन्याहून जीपने गेले. पुण्यात रिक्षावाला तीन माणसं झाली की नाही म्हणतो, आणि दोन असली तरी नाहीच म्हणतो. इथला जीपवाला कुणालाच नाही म्हणत नाही. "सरका की ताई थोडं, माणूसच हाय तो बी," असं म्हणत त्याने माझ्या शेजारी एक आख्खं कुटुंब बसवलं. दोन्हीकडे ऊस, मध्ये कापूस, आणि थंडीचं कोवळं ऊन. मी खुशीत होते. त्याच खुशीत मी जीपवाल्याला सांगून टाकलं, की मी कोण, कुठली आणि कशाला आले. तोंड आवरत नाही माझं.

दवाखाना सापडायला वेळ लागला नाही. पुढे कापडाचं दुकान, मागे दवाखाना. डॉक्टरांचे आजोबा राजस्थानातून येऊन इथे कापड विकायला लागले आणि इथलेच झाले. नातू सर्जन झाला, तरी गावाने घराण्याची पदवी काढून घेतली नाही. सगळे त्यांना 'डॉक्टरशेठ' म्हणतात. गोल चेहरा, कपाळाला गंध, आणि बोलणं असं की मारवाडी कुठे संपलं आणि मराठवाडा कुठे लागला कळू नये.

पण डॉक्टरांच्या आधी भेटले ते मारुतराव. व्हरांड्यात घोंगडी पसरून बसले होते. मोठा पटका, त्याहून मोठ्या मिशा, दाढीचं रान.

"पुन्याच्या बाई तुमीच का?" त्यांनी विचारलं. "माझं आप्रेशन बंद करायला आल्या म्हन्त्यात."

"कोण म्हणतं?"

"जीपवाला."

मी मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. मारुतराव मेंढ्या राखतात, कुंभार पिंपळगावच्या शिवारात. हर्नियाने जांघेत गोळा आला होता. मेंढीमागे वाकलं की कळ यायची, मग गोळा हाताने आत दाबायचा आणि पुन्हा चालायचं. चार दिवसांनी, शनिवारी, त्यांचं ऑपरेशन ठरलेलं.

"आमची मदत बंद झाली तरी संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात होईल की तुमचं," मी समजुतीने म्हटलं.

"तितं मला कोन वळखतंय? आन् तितकं लांब जाऊन पडलो तर मेंढरं कोन वळीन, तुमी?" त्यांच्या मागून त्यांची बायको गयाबाई म्हणाली, "करू द्या न हितंच. रातच्याला कन्हत राह्यतेत हो. मला ऐकू येतं, मेंढराला बी ऐकू येतं." मी आत गेले.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता, आणि माझ्या आकड्याची अब्रू भर बाजारात गेली. झालं असं, की सकाळपासून दवाखान्यात रीघ लागली. सगळे जुने पेशंट. मी टिपण घ्यायला बसले. एक आजी आल्या, पित्ताशय काढलेल्या. डॉक्टरशेठनी विचारलं, "आक्का, कसं काय?" आक्का म्हणाल्या, "बराबर हाय. ही बोरं ठिवा," आणि तरातरा आत निघून गेल्या. दुसरे आले, त्यांनी मिरच्यांची पिशवी टेबलाखाली सरकवली, "जाताना नेतो," म्हणाले आणि आत गेले. तिसरी आली ती कुणाशी न बोलताच आत गेली.

"आत काय आहे?" मी संगीता सिस्टरना विचारलं. सिस्टर म्हणजे या दवाखान्याचा कणा. त्या ओढणीआड हसल्या.

"बाथरूम, म्याडम. आख्ख्या बाजारात येवढंच साफ हाय."

मी त्या आक्कांना गाठलं. "आमच्या मुलीने फोनवर विचारलं होतं ना, परत दवाखान्यात जावं लागलं का म्हणून?"

"इचारलं की."

"मग काय सांगितलंत?"

"जावं लागलं म्हन्ले. दर बाजारला जावंच लागतंय."

झालं! पुण्यात आमच्या मुलीने इमानाने 'हो' वर खूण केली, मी इमानाने बेरीज केली, आणि साहेबांनी इमानाने लाल रंग ओतला. एवढ्या इमानदार माणसांनी मिळून एका बाथरूमचा साथीचा रोग केला होता. मला इतकं हसू आलं की आक्कांनी मला पाठीवर थापट्या मारून पाणी दिलं.

मी लगेच साहेबांना फोन लावायला निघाले. व्हरांड्यातून मारुतरावांना ओरडूनही सांगितलं, "होणार हो तुमचं ऑपरेशन!" ते घोंगडी झटकून गावाकडे निघालेसुद्धा. तेवढ्यात संगीता सिस्टर माझ्यामागे आल्या.

"म्याडम, समदेच काही बाथरूमला न्हाई आले. काही जणांची जखम खरंच पिकली व्हती."

मी डॉक्टरशेठांकडे पाहिलं. हा माणूस आता 'असं काही नाही' म्हणाला असता तर मी मान डोलावली असती, खोटं कशाला सांगू? पण ते म्हणाले, "खरं हाय. बाजारवाले काढून टाका, पिकलेले काढू नका. मलाच कळून न्हाई राह्यलं कामून होतंय. अवजारं उकळायची मशीन बदलली, टाकी धुतली, हात तर येवढे धुतो की आई म्हन्ते कातडं जाईल. तरी चार-दोन पिकतेतच. झोप लागंना मला." एवढं बोलून त्यांनी मला एक मोसंबी सोलून दिली. माणूस कितीही चिंतेत असला तरी इथे समोरच्याला काहीतरी खायला देतोच.

कुंभार पिंपळगाव

पिकलेल्या जखमांचे बरेचसे मालक कुंभार पिंपळगावचे निघाले. दुसऱ्या दिवशी संगीता सिस्टरच्या स्कूटीवर मागे बसून निघाले. वाटेत उसाच्या बैलगाडीला जागा द्यायला सिस्टरनी स्कूटी बाजूला घेतली आणि मी अलगद पाटाच्या चिखलात उतरले. एक चप्पल अजून तिथेच आहे. पुढचा सगळा सर्व्हे मी सिस्टरच्या मामेबहिणीच्या सपाता घालून केला.

पहिलं घर एका सत्तरीच्या बाबांचं. मी पुणेरी शुद्ध आवाजात विचारलं, "बाबा, तुमचं ऑपरेशन कधी झालं?"

बाबांनी धोतर सावरलं. त्यांची म्हातारी पदर तोंडाला लावून गदागदा हसायला लागली. "अगं बया! ह्या वयात कोन करनार ह्यांचं आप्रेशन? आन् कशापायी?"

सिस्टरनी माझ्या कानात सांगितलं, की इथे नुसतं 'ऑपरेशन' म्हटलं की एकच, नसबंदीचं. बाकीच्याला अवयवाचं नाव लावायचं. मग मी 'हर्नियाचं ऑपरेशन' अशी हात जोडून दुरुस्ती केली. पण तोवर बातमी गल्लीभर झाली होती, की पुण्याहून बाई आली आणि म्हाताऱ्यांची नसबंदी करून राह्यली. पुढच्या दोन घरांतले पुरुष मागच्या दाराने शेतात गेले.

म्हातारीने मात्र जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा. आमच्याकडे पुण्यात ठेच्यात दाण्याचं कूट इतकं घालतात की मिरचीला आपण मिरची आहोत हे विसरायला होतं. इथली मिरची काही विसरलेली नव्हती. पहिल्या घासाला माझ्या कानांतून वाफ निघाली. "लागली का?" म्हातारीने मायेने विचारलं आणि अजून वाढला.

बाबांची जखम आता बरी होती, पण सांगताना त्यांचा आवाज उतरला. "लै तरास झाला, बाई. पंधरवडाभर कूस बदलता आली न्हाई. डॉक्टरशेठची चूक न्हाई ह्याच्यात. मी तर चांगला साफ होऊन गेल्तो."

"साफ म्हणजे?"

म्हातारी म्हणाली, "दत्ताभाऊच्या सलूनात जाऊन आल्ते न आदल्या दिशी. पोट, मांड्या, समदं. लग्नात गाल नव्हते इतके गुळगुळीत!"

दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्यातही तेच. पोट डॉक्टरला दाखवायचं तर असं केसाळ कसं दाखवायचं, माणसाला काही रीतभात आहे की नाही? मग मला दत्ताभाऊंना बघितल्याशिवाय राहवेना. सलून छोटं, आरसा मोठा, आणि दारावर पाटी: 'दाढी, कटिंग, ऑपरेशन'.

दत्ताभाऊ उमदा माणूस. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि वस्तरा चामड्यावर ओढत समजावून सांगितलं. "आधी सुलटा हात, मंग उलटा हात. वरून तुरटी. बिलकुल गोटा! आजपर्यंत माझ्या हातचा एक बी पेशंट डॉक्टरशेठकडं केसासकट गेलेला न्हाई."

मला काही शंका आली नाही, हे कबूल. मला फक्त गंमत वाटली. मी आकड्यांची बाई, वस्तऱ्याचं मला काय कळतंय? ती गंमत घेऊन मी संध्याकाळी डॉक्टरशेठांच्या घरी जेवायला गेले.

ताटात दाल-बाटी, बाटीवर तूप असं की बाटी शोधावी लागे. डॉक्टरांच्या आई शेजारी बसून 'और एक, और एक' करत होत्या. संगीता सिस्टरही होत्या. मी रंगात येऊन दत्ताभाऊंची नक्कल केली. सुलटा हात, उलटा हात, बिलकुल गोटा! आई डोळे पुसत हसत होत्या. डॉक्टरशेठांच्या हातातली बाटी मात्र तशीच राहिली.

"वस्तऱ्यानं?" त्यांनी विचारलं. "आदल्या दिवशी?"

"हो. तुरटीसुद्धा लावतात."

"अरे देवा," ते म्हणाले आणि बाटी ताटात ठेवली.

मग त्यांनी सांगितलं. वस्तरा उलटा फिरला की कातडीला बारीक बारीक चिरा पडतात. डोळ्याला दिसत नाहीत, पण रात्रभरात जंतू त्यात घर करतात, आणि सकाळी डॉक्टर नेमका तिथेच कापतो. म्हणून केस आड येत असतील तरच काढायचे, तेही ऑपरेशनच्या अगदी थोडं आधी, दवाखान्यात, मशीनने कातरून. "आन् मी काय समजत व्हतो? पेशंट हुशार झाले! येवढं साफ पोट बघून शाबासकी देत व्हतो मी त्यांना! पाठ थोपटत व्हतो!"

"पण त्यांना हे सांगितलं कुणी?" मी विचारलं.

संगीता सिस्टरचा चेहरा पडला. "सर, मी फोनवर फक्त येवढंच सांगत व्हते, येताना अंग साफ करून या. पुन्याच्या कागदावर तसंच हाय."

पुण्याचा कागद म्हणजे आमचाच. साहेबांनी स्वतः लिहिलेला: 'शस्त्रक्रियेपूर्वी शरीराचा संबंधित भाग स्वच्छ करून यावे.' साहेबांच्या मनात साबण होता. सिस्टरनी 'स्वच्छ'चं 'साफ' केलं, म्हणजे लोकांना कळावं. आणि लोकांना बराबर कळलं. इथे शेत साफ केलं म्हणजे एक काडी उभी राहता कामा नये.

"बाई, रोओ मत," आई सिस्टरना म्हणाल्या आणि त्यांच्या बाटीवर तूप ओतलं. सिस्टर खरंच रडत होत्या. मीही ताट बाजूला सरकवलं. त्या सत्तरीच्या बाबांना पंधरवडाभर कूस बदलता आली नव्हती, आणि मी त्या वस्तऱ्याची नक्कल करून टाळ्या घेत होते.

पुन्हा घनसावंगी

शुक्रवारी दवाखान्यात नुसती धांदल. सिस्टर फोनवर फोन लावत होत्या. "आंघोळ करा. साबन लावा. वस्तरा लावू नका. न्हाई, दाढी करा, पन गालाची. फक्त गालाची!" डॉक्टरशेठ स्वतः कुंभार पिंपळगावला जाऊन दत्ताभाऊंना भेटून आले. पाटीवरचं 'ऑपरेशन' पुसताना दत्ताभाऊ हळहळले म्हणे. मी पुण्याला फोन केला. साहेब म्हणाले, "पण 'स्वच्छ' या शब्दात चूक काय आहे?" मी म्हटलं, काही नाही, फक्त तो पुण्याबाहेर पाठवू नका. ऑपरेशनं चालू राहिली, ठिपका पिवळा झाला, आणि कागद नव्याने लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

शनिवारी सकाळी मी बॅग घेऊनच दवाखान्यात गेले. म्हटलं, मारुतराव आत गेले की निघावं. व्हरांड्यात गयाबाई दिसल्या. त्यांच्याशेजारी कुणीतरी तुळतुळीत गृहस्थ बसले होते. डोकं गोटा, दाढी नाही, मिशा नाहीत. मी विचारलं, "मारुतराव कुठे आहेत?"

"हे काय," गयाबाई म्हणाल्या.

मारुतरावांचा फोन मेंढ्यांमागे हिंडून हिंडून बंद पडला होता. सिस्टरचा निरोप पोहोचलाच नाही. आणि गुरुवारी, मी सलूनातून निघाल्यावर तासाभरात, ते तिथे जाऊन आले होते. नुसतं पोट नाही. 'करायचंच तर समदं करा' असं ते म्हणाले, आणि दत्ताभाऊंनी हातचं काही राखलं नव्हतं.

डॉक्टरशेठनी आत नेऊन तपासलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "आज न्हाई."

"कामून?" मारुतराव उभेच राहिले.

"जांघेत वस्तऱ्यानं चिरलंय. कातडी भरून येऊ द्या. मंग करू."

"केसं काढली म्हून आप्रेशन न्हाई? मंग आता काय चिटकवून आणू का?"

"म्या म्हन्त व्हते, मिशा तरी ठिवा," गयाबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

मारुतरावांचा राग मला कळत होता. मेंढ्या पाहुण्याच्या गळ्यात घालून आले होते. पाहुणा काय रोज मिळतो? ऑपरेशनं बंद करायला आलेली मी, आता मीच डॉक्टरशेठांना विनवायला लागले. "एवढे आलेत हो. चांगली औषधं द्या आणि करून टाका ना!"

"म्याडम, पिकलं तर महिना महिना मेंढरामागं जाता यायचं न्हाई याला. अन् आता तर मला कारण म्हाईत हाय. म्हाईत असून कापू?"

मारुतरावांनी घोंगडी खांद्यावर टाकली. "आता ह्या दारात पाय ठिवनार न्हाई," ते म्हणाले, आणि एका हाताने जांघ दाबत फाटकाबाहेर गेले. गयाबाई दोनदा मागे वळून बघून गेल्या. मग डॉक्टरशेठनी मला जीपपर्यंत सोडलं आणि मांडीवर मोसंबीची पिशवी ठेवली. जालना येईपर्यंत जीपवाल्याने दोनदा विचारलं, बरं हाय का म्हणून.

पुणे

इथे आल्यावर माझं मन आकड्यांत लागेना. रस्त्यात कुणी गुळगुळीत दाढीचा दिसला की मारुतराव आठवायचे. फोन करून विचारायचा धीर होत नव्हता. विचारलं आणि 'आले नाहीत' म्हणाले तर?

मग एका सकाळी आमच्या मुलींच्या फोनच्या यादीत मला त्यांचं नाव दिसलं. त्या यादीत नाव येतं ते ऑपरेशनला महिना झाला की. मी जवळजवळ हिसकावूनच घेतली ती यादी. म्हटलं, हा फोन मी करणार.

फोन गयाबाईंनी उचलला. मागे मेंढ्या ओरडत होत्या.

"गयाबाई, मी पुण्याची बाई. गेले ना हो शेवटी मारुतराव डॉक्टरशेठकडे?"

"जातेत कसे न्हाई? म्याच नेलं की वढून. रोज बघत व्हते, केसं वाढले का, केसं वाढले का. वाढले तसं जीपमधी घातलं."

"आणि आता दुखतं का काही?"

"दुखत असतं तर असे पळाले असते का मेंढरामागं? थांबा, बलावते." त्यांनी अशी हाक मारली की मी फोन कानापासून लांब धरला. मारुतराव धापा टाकत आले. लांबून पळत आले होते. मी वहिवाटीप्रमाणे विचारलं, "मारुतराव, जखम कशी आहे? लाल आहे का, ओली आहे का, नीट बघून सांगा."

पलीकडे बराच वेळ कापडाची सळसळ, गयाबाईंचं दटावणं आणि मेंढ्यांचं बें बें. माझा हात खूण करायला तयार. मग फोनवर पुन्हा गयाबाईच आल्या.

"दिसंना वो बाई," त्या म्हणाल्या. "समदे केसं आले वर."